वाऱ्याची ओढ आणि गच्चीची फरशी

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील इमारती जसजशा उंच होत गेल्या, तसतसे त्यांच्या गच्च्यांचे प्रयोजनही पालटत गेले. जी गच्ची पूर्वी पाण्याच्या टाक्या, उन्हाळ्यातली वाळवणे आणि कोजागरीचे दूध एवढ्यापुरतीच वापरात असे, ती आता बसण्याउठण्याची, व्यायामाची, बागेची आणि क्वचित उपाहारगृहाचीही जागा झाली आहे. आणि या नव्या वापराला शोभेल अशी नवी फरशी तिच्यावर घातली जाऊ लागली आहे. ही फरशी देखणी असते, सपाट असते, पावसानंतर तिच्यावर पाणी साचत नाही. परंतु तिची बांधणी जुन्या गच्चीहून इतकी भिन्न आहे की, जो प्रश्न आपल्या वाडवडिलांना कधी पडला नाही तो तिच्यामुळे आपल्यापुढे उभा राहिला आहे. तो प्रश्न असा की, विसाव्या किंवा तिसाव्या मजल्यावरील उघड्या गच्चीवर वादळ आले असता ही फरशी जागच्या जागी राहील, याची हमी कोणत्या आधारावर द्यावयाची?

जुन्या पद्धतीच्या गच्चीची रचना येथे आठवून पाहिली पाहिजे. काँक्रीटच्या स्लॅबवर सिमेंटच्या मसाल्यात विटांचे तुकडे बसवीत, त्यांच्या फटी गच्च भरीत आणि पावसाच्या पाण्याच्या नळाकडे उतार धरीत मिस्त्री जो चार-सहा इंचांचा थर तयार करतो, त्याला ब्रिकबॅट कोबा म्हणतात. कठड्याशी त्याचा सांधा गोलसर वाटा मारून मिटवितात, आणि वर एकतर सिमेंट घोटून दोरीने चौकटी पाडतात, किंवा चिनी मातीच्या टाइलांचे पांढरे तुकडे जडवून चायना मोझेक करतात. हा सगळा खटाटोप पाण्यासाठी व उन्हासाठी असे. वाऱ्याचा विचार त्यात कोणी केला नव्हता. तरीही वाऱ्यापासून असे छत बहुतांशी निर्भय राहिले, याचे कारण असे की कोबा हा स्लॅबशी एकजीव झालेला असतो, त्याच्या खाली हवा नसते, आणि ज्याच्या खाली हवा नाही त्याला वारा सहसा उचलू शकत नाही. कोब्याचा दोष निराळाच होता. कालांतराने त्याला तडा गेला आणि खालच्या खोलीत पाणी झिरपू लागले, म्हणजे गळतीचे मूळ शोधण्यासाठी सगळा कोबा फोडावा लागे, आणि फोडलेला कोबा टाकावयाचा कोठे हा दुसरा प्रश्न उपस्थित होई.

नव्या पद्धतीने हा दोष दूर केला. आता स्लॅबवर जलरोधक पटल अंथरतात, काही ठिकाणी त्यावर उष्णतारोधक फोमचे तक्ते घालतात, आणि मग पेडेस्टल या नावाने बाजारात मिळणाऱ्या, आटे फिरवून उंची कमीजास्त करता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या बैठका मांडून त्यांवर काँक्रीटच्या, दगडाच्या किंवा पोर्सेलिनच्या फरश्या नुसत्या ठेवून देतात. दोन फरश्यांमध्ये तीन-चार मिलिमीटरांची फट सोडलेली असते. पाऊस त्या फटींतून खाली उतरतो व स्लॅबच्या उतारावरून वाहून जातो, त्यामुळे वरचा पृष्ठभाग अगदी सपाट ठेवता येतो. विजेच्या तारा आणि नळ खालच्या पोकळीतून नेता येतात. आणि गळती झाली तर चार फरश्या उचलून दुरुस्ती करून पुन्हा होत्या तशा ठेवता येतात. सिमेंट नाही, फोडणे नाही, राबीट नाही. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. पण जी फरशी दुरुस्तीसाठी माणसाला विनासायास उचलता येते, ती आपल्या जागी राहण्यासाठी केवळ स्वतःच्या वजनावर अवलंबून असते, ही गोष्ट या सोयीच्या पोटातच दडलेली आहे.

वारा म्हणजे ढकलणारी शक्ती अशी आपली सर्वसाधारण समजूत असते, आणि भिंतीपुरती ती खरीही आहे. सपाट छताच्या बाबतीत मात्र वाऱ्याचे मुख्य कार्य ढकलण्याचे नसून वर ओढण्याचे आहे. ही गोष्ट प्रथम ज्यांनी मोजून दाखविली त्यांत कोपनहेगनच्या गॅस कारखान्यातील इर्मिंगर या अभियंत्याचे नाव आदराने घ्यावे लागते. कारखान्याच्या उंच धुराड्यात हवेची जी नैसर्गिक ओढ निर्माण होते तिचाच उपयोग करून त्याने एका बंद नळीतून हवेचा प्रवाह नेला, त्या प्रवाहात घरांच्या लहान प्रतिकृती ठेवल्या, आणि त्यांच्या निरनिराळ्या पृष्ठभागांवर दाब किती पडतो हे तपासले. 1894 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांवरून असे दिसून आले की, छपराच्या संकटाचे मूळ समोरून येणाऱ्या रेट्यापेक्षा पाठीमागे निर्माण होणाऱ्या शोषात अधिक आहे. तोपर्यंत अभियंते छपराची कैची वरून खाली येणाऱ्या भारासाठी मजबूत करीत. वादळात मात्र छप्पर खालून वर जात असे.

सपाट गच्चीवर हे कसे घडते? इमारतीच्या भिंतीवर आपटलेला वारा वर चढतो आणि कठड्याची कड ओलांडताना त्याला एकदम काटकोनात वळता येत नाही. तो गच्चीच्या पृष्ठभागापासून सुटा होऊन वरच्या वर उसळतो, आणि त्याच्या खाली, कडेलगतच्या पट्ट्यात, हवेचा दाब वातावरणाच्या सामान्य दाबापेक्षा बराच कमी होतो. वारा भिंतीवर सरळ येत असेल तर ही स्थिती कडेच्या पट्ट्यापुरती व काहीशी सौम्य असते. परंतु तो इमारतीच्या कोपऱ्यावर तिरपा आला, म्हणजे त्या कोपऱ्यापासून निघणाऱ्या दोन्ही कडांवर हवेची गुंडाळी होऊ लागते आणि दोन भोवरे तयार होतात. त्यांचे टोक कोपऱ्यात असते आणि ते गच्चीच्या आतल्या बाजूस रुंदावत जातात. या शंक्वाकृती भोवऱ्यांच्या गाभ्याखाली जी ओढ निर्माण होते ती संपूर्ण गच्चीवरील सर्वांत तीव्र ओढ होय. ती स्थिरही नसते. झोतागणिक वाढते, ओसरते, जागा बदलते. म्हणून वादळानंतर गच्चीवर जाऊन पाहिले असता हललेली फरशी पुष्कळदा कठड्याला टेकलेली नसून त्याच्यापासून एक-दोन रांगा आत, कोपऱ्याकडून मध्याकडे जाणाऱ्या तिरक्या पट्ट्यात आढळते. कठडा उंच असेल तर भोवरा वर उचलला जातो व त्याची ओढ सौम्य होते. अगदी बुटका असेल तर मात्र फायदा तर नाहीच, उलट कोपऱ्यातील ओढ काही वेळा वाढलेली दिसते.

हे ज्ञान प्रत्यक्ष नुकसानीची किंमत देऊन मिळालेले आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरावरून 18 ऑगस्ट 1983 रोजी ॲलिशिया नावाचे चक्रीवादळ गेले, तेव्हा शहराच्या मध्यभागातील उंच इमारतींच्या काचा फार मोठ्या प्रमाणावर फुटल्या. पुढे तपासात असे दिसले की, काचांच्या त्या नाशाला वाऱ्याइतकीच शेजारच्या छपरांवर पसरलेली खडी कारणीभूत होती. छप्पर झाकण्यासाठी घातलेले बारीक गोटे वाऱ्याने उचलून समोरच्या इमारतीवर फेकले होते. 2005 साली कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्स येथे हाच प्रकार पुन्हा पाहावयास मिळाला, आणि त्यानंतर तेथील बांधकाम-नियमांत वादळी प्रदेशांतील छपरांवर सुटी खडी घालण्यावर बंधने आली. त्याच्या कितीतरी आधी, 1970 नंतरच्या दशकात, कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत काइंड आणि वॉर्डलॉ या संशोधकांनी वातबोगद्यात सपाट छपरांच्या प्रतिकृती ठेवून खडी कोणत्या वेगाला सरकते, कोणत्या वेगाला उडते आणि फरश्या कोठून उचलल्या जातात याची पद्धतशीर पाहणी केली होती. खडी उडाली तर काच फुटते. फरशी उडाली तर काय होईल हे सांगावयास नको. वीस मजल्यांवरून रस्त्यावर पडणाऱ्या सोळा-सतरा किलोंच्या पोर्सेलिनच्या तुकड्याखाली कोणी पादचारी असेल, या एका शक्यतेसाठीच हा सगळा विचार करणे आवश्यक आहे.

आता थोडे गणित. भारतीय मानक संस्थेच्या आय. एस. 875 या संहितेच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा दिलेला आहे. त्यात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आणि पुण्यासाठी 39 मीटर धरला आहे. हा वेग म्हणजे मोकळ्या प्रदेशात जमिनीपासून दहा मीटर उंचीवर तीन सेकंद टिकणारा, आणि सरासरीने पन्नास वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला झोत होय; मुंबईच्या बाबतीत तो ताशी सुमारे 158 किलोमीटर भरतो. वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणले म्हणजे चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. मुंबईसाठी तो सुमारे 1160 न्यूटन, म्हणजे रोजच्या भाषेत चौरस मीटरला सुमारे 118 किलो इतका येतो. उंची वाढली की वेग वाढतो. मोकळ्या समुद्रकाठी शंभर मीटर उंचीवर तो जवळजवळ पावपटीने अधिक धरावा लागतो, आणि दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो दीडपटीच्याही वर, म्हणजे 182 किलोंच्या आसपास जातो.

या आकड्यांच्या शेजारी फरशीचे वजन ठेवून पाहावे. पाच सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या फरशीचे वजन चौरस मीटरला सुमारे 120 किलो असते. हल्ली अतिशय लोकप्रिय झालेल्या दोन सेंटिमीटर जाडीच्या पोर्सेलिन फरशीचे वजन फक्त 46 किलोंच्या आसपास. लाकडी पट्ट्यांच्या, एकमेकींत अडकवावयाच्या चौकटी तर याहूनही पुष्कळ हलक्या. उलट बाजूस, संहितेप्रमाणे सपाट छपराच्या कडा व कोपरे येथे स्थानिक ओढ त्या मूळ दाबाच्या दुप्पट धरावी लागते. तेव्हा शंभर मीटर उंचीवरील गच्चीच्या कोपऱ्यात, फरशीच्या वरच्या पृष्ठभागावर, चौरस मीटरला 360 किलोंच्या वर ओढ येऊ शकते. ती केवळ वजनाने परतवावयाची म्हटले तर काँक्रीटची फरशी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच जाड करावी लागेल. हा तर स्लॅबवर दुसरा स्लॅब ओतण्याचाच प्रकार झाला, आणि यात सुरक्षिततेसाठी राखावयाची तफावत अजून धरलेलीच नाही.

येथे कोणी विचारील की, असे असताना सगळ्या गच्च्या आजवर उडून कशा गेल्या नाहीत? याचे एक उत्तर असे की, संहितेतील वारा अजून त्यांच्यावरून गेलेला नाही. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून सरकत गेले तेव्हा कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या पलीकडचे झोत नोंदले गेले. सेकंदाला 30 मीटरचा, म्हणजे ताशी 108 किलोमीटरचा झोत धरला तरी त्याचा दाब चौरस मीटरला 55 किलोच भरतो, संहितेतील दाबाच्या निम्म्याहूनही कमी. तौक्तेमध्ये आमची फरशी हलली नाही, असे जे समाधानाने सांगितले जाते, त्याला पुराव्याची किंमत देता येत नाही. दुसरे उत्तर मात्र अधिक महत्त्वाचे आहे, आणि या विषयातील खरे मर्म त्यातच आहे.

फरशीला उचलणारे बल हे तिच्या वरच्या पृष्ठभागावरील ओढीएवढे नसते. ते वरचा दाब आणि खालचा दाब यांच्या अंतराएवढे असते. उकळत्या भाताच्या भांड्यावर झाकण घट्ट बसविले तर वाफ ते उडवून लावते, आणि तेच थोडे तिरके ठेवले तर वाफ वाट काढून निघून जाते व झाकण जागेवर राहते; फरशीचेही नेमके असेच आहे. वरची ओढ वाढली की खालच्या पोकळीतील हवा फटींतून वर धावते, पोकळीतील दाबही उतरतो, आणि वरखाली जवळजवळ सारखा दाब झाला म्हणजे फरशीवर निव्वळ बल फारच थोडे उरते. याला दाबसाम्य म्हणता येईल. फटी नीट ठेवलेल्या, खालची पोकळी बेताची असलेल्या गच्चीत निव्वळ ओढ वरच्या ओढीच्या निम्म्याहूनही खाली येऊ शकते. फरशीचा अभिकल्प करणाऱ्याने पहिले लक्ष वजनापेक्षा या दाबसाम्याकडे दिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु दाबसाम्य आपोआप घडत नाही. त्याच्या काही अटी आहेत. फट जितकी रुंद आणि पोकळी जितकी उथळ, तितके दाबसाम्य अधिक चांगले. मायामी येथील फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठात बारा प्रचंड पंखे एकत्र लावून चक्रीवादळाएवढा वारा निर्माण करणारी ‘वॉल ऑफ विंड’ ही प्रयोगशाळा आहे. तेथे छपराच्या फरश्यांवर मोठ्या आकाराच्या प्रतिकृतींनिशी प्रयोग झाले, आणि फटीची रुंदी व पोकळीची खोली यांचे गुणोत्तर वाढविले असता निव्वळ ओढ कमी होते हे त्यांतून दिसून आले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कोपऱ्यातील भोवऱ्याखालची ओढ अत्यंत तीव्र पण थोड्याच जागेपुरती असते. खालची पोकळी खोल असेल तर गच्चीच्या मध्यभागाकडील, जेथे ओढ फारशी नाही तेथील हवा विनाअडथळा आडवी वाहत कोपऱ्याकडे येते. त्यामुळे कोपऱ्यातील फरशीच्या खालचा दाब उतरत नाही, वरचा मात्र उतरलेला असतो, आणि फरशी उचलली जाते. पोकळी उथळ असेल तर या आडव्या वाहण्याला अडथळा होतो, आणि प्रत्येक फरशीखालची हवा आपल्या डोक्यावरच्या फटींशीच जुळवून घेते. तीन मिलिमीटरांची फट आणि तीन सेंटिमीटरांची पोकळी असेल तर हे गुणोत्तर एकास दहा पडते. तीच फट ठेवून पोकळी तीस सेंटिमीटरांची केली तर ते एकास शंभर होते.

आणि आता एक अशी गोष्ट सांगावयाची आहे की, जिच्याकडे आपल्याकडील गच्च्यांत विशेष लक्ष पुरविले पाहिजे. आपल्या पावसामुळे स्लॅबला किंवा त्यावरील थराला उतार द्यावाच लागतो, आणि पावसाचे नळ बाहेरच्या भिंतींवरून खाली उतरत असल्यामुळे हा उतार बहुधा कडांकडे आणि कोपऱ्यांकडे असतो. फरशीचा पृष्ठभाग सपाट ठेवावयाचा असल्यामुळे पेडेस्टलची उंची नळाकडे वाढत जाते. शंभरास एक असा उतार बारा मीटर लांबीवर दिला तर मध्यभागी चार सेंटिमीटर असलेली पोकळी नळाशी सोळा सेंटिमीटर होते. म्हणजे ज्या कोपऱ्यात वाऱ्याची ओढ सर्वाधिक, नेमक्या त्याच कोपऱ्यात पोकळीही सर्वांत खोल! पाण्याचा हिशेब करणारा व वाऱ्याचा हिशेब करणारा असे दोघे निरनिराळे असले आणि त्यांची गाठ पडली नाही, की असा योग जुळून येतो. यावर उपाय आहेत. कोपऱ्याच्या पट्ट्यात पोकळीला आडव्या वायुरोधक पट्ट्या बसवून तिचे लहान कप्पे पाडता येतात, मात्र पट्टीच्या खाली पाणी जाण्यापुरती जागा सोडावी लागते. इमारतींच्या बाह्यभिंतींवर जे सुटे आवरण बसवितात त्यात कप्प्यांची ही युक्ती चांगली रूढ झालेली आहे. किंवा कोपऱ्याकडील पट्टा पेडेस्टलवर न घालता जुन्या पद्धतीने मसाल्यात पक्का बसवावा, आणि सुटी फरशी मध्यभागापुरती ठेवावी. उतार मध्याकडे घेऊन नळ आतून उतरविणे नव्या इमारतीत शक्य असते, जुनीत नाही.

फटी मोकळ्या राहणे हे या सर्व रचनेचे प्राणतत्त्व आहे, आणि व्यवहारात नेमका त्यांचाच घात होतो. फटींत सिगारेटची थोटके पडतात, झुरळे होतात, खुर्चीचा पाय अडकतो, अशा तक्रारी येऊ लागल्या की कोणी सद्हेतूने मिस्त्री बोलावून त्या सिमेंटने अगर सिलिकोनने भरून घेतो. कबुतरांची घाण, सुकलेली पाने, कुंड्यांतून वाहिलेली माती आणि पावसाळ्यातील शेवाळ यांनी त्या हळूहळू आपसूकही बुजतात. कोणी फरशीवर हिरवी कृत्रिम हिरवळ अंथरून तिच्या कडा चिकटवून टाकतो. या प्रत्येक प्रसंगी फरशीच्या खालच्या हवेची वाट बंद होते. फट बुजविल्याने फरशी घट्ट झाली असे वरून वाटते. वास्तविक तिचे संरक्षणच काढून घेतलेले असते, कारण सिमेंटची ती पातळ रेघ उन्हापावसात लवकरच तडकते आणि ओढीला तोंड देण्याची तिच्यात शक्ती नसते.

दाबसाम्य साधले तरी जे निव्वळ बल उरते त्यासाठी वजन व बंधन यांची तजवीज करावीच लागते. आपल्याकडे हिशेब करताना अनुकूल असणारे वजन नऊ-दशांश धरावे आणि प्रतिकूल असणारा वारा दीडपट धरावा असा दंडक आहे. त्या हिशेबाने पाच सेंटिमीटरची काँक्रीटची फरशी चौरस मीटरला सुमारे 72 किलो निव्वळ ओढ सोसू शकते, आणि दोन सेंटिमीटरची पोर्सेलिन सुमारे 28 किलो. शंभर मीटर उंचीवरील 182 किलोंच्या दाबाशी तुलना करता, पहिलीच्या बाबतीत निव्वळ ओढ त्या दाबाच्या चार-दशांशांत आणि दुसरीच्या बाबतीत जवळजवळ सातव्या हिश्शात राहिली पाहिजे. पहिली अट काळजीपूर्वक केलेल्या कामात पुरी होऊ शकते. दुसरी कोपऱ्यात पुरी होईल असे समजणे धाडसाचे आहे, आणि म्हणून उंच इमारतीच्या कडांवर व कोपऱ्यांवर पोर्सेलिनची फरशी नुसती ठेवून देणे मला मान्य नाही.

बंधनाचे प्रकार अनेक आहेत. चार फरश्यांचे कोपरे जेथे मिळतात तेथे वरून स्टेनलेस स्टीलची चकती बसवून तिचा स्क्रू खालच्या पेडेस्टलमध्ये उतरविणे हा सर्वांत प्रचलित. पेडेस्टल स्वतः स्लॅबला खिळलेले नसते, कारण तसे केल्यास जलरोधक पटलाला भोक पडेल. तरीही या चकतीचा उपयोग मोठा आहे. भोवऱ्याची तीव्र ओढ एका वेळी एक-दोन फरश्यांवरच पडते, आणि त्या जर शेजारच्या आठ-दहा फरश्यांशी जखडलेल्या असतील तर त्या सर्वांचे वजन एकत्र येऊन ओढीला तोंड देते. कडेला जीभ व खाचणी असलेल्या, एकमेकींत गुंतणाऱ्या फरश्यांनीही हेच साधते. अमेरिकेत वजनावर राहणाऱ्या छपरांसाठी जे मानक आहे त्यात अशा गुंतलेल्या फरश्यांना सुट्या फरश्यांपेक्षा कमी वजनाची परवानगी दिलेली आहे, ती याच कारणाने. फरशीचा आकार मोठा घेण्याचाही फायदा होतो, कारण मोठ्या पृष्ठभागावर तीव्र आणि सौम्य ओढ यांची सरासरी पडते. एक फरशी सुटली की मात्र सगळे बदलते. तिची कड जरा वर येताच वारा खाली शिरून तिला पालथी करतो, तिच्या जागी भगदाड पडते, शेजारच्या फरश्यांच्या उघड्या कडा थेट वाऱ्यापुढे येतात, आणि रांगेमागून रांग उठू लागते. म्हणून सगळी भिस्त पहिली फरशी न उठू देण्यावर ठेवावी लागते.

वजन वाढविण्याचा मोह होतो, त्याला मर्यादा इमारतच घालते. लोकांच्या वापरातील गच्चीवर माणसांचा व सामानाचा भार म्हणून संहितेने चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, सुमारे 150 किलो, धरावयास सांगितला आहे. फरशी, कोबा, माती यांचे कायमचे ओझे त्यावेगळे. मूळ नकाशात हे ओझे जेवढे धरले असेल त्याच्या पलीकडे जाण्याचा अधिकार सोसायटीच्या चिटणिसांना नाही, ठेकेदाराला तर मुळीच नाही. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर पेडेस्टल आणि जाड फरशी घालण्याचा शिरस्ता पडू पाहत आहे, तो विशेष घातक आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतीत, जेथे संरचनेची तपासणी करून दाखला रुजू करणे कायद्यानेच भाग आहे, तेथे तर असे काम संरचना-अभियंत्याच्या लेखी संमतीवाचून हाती घेऊच नये.

उंच मनोऱ्यांच्या मुख्य सांगाड्यासाठी वातबोगद्यात प्रतिकृती तपासण्याची पद्धत आपल्याकडेही चालते; कानपूर आणि रुरकी येथील आय. आय. टी.मध्ये तसेच चेन्नईच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रात यासाठी वातबोगदे आहेत. ती तपासणी होतच असेल तर गच्चीच्या कोपऱ्यांवर काही दाबमापक छिद्रे वाढवून घेण्यास फारसा खर्च पडत नाही, आणि फरशीच्या कामाला आधार मिळतो. लहान इमारतींना हे परवडणार नाही, हे उघड आहे. त्यांनी निविदा मागविताना ठेकेदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: फरशीचे दर चौरस मीटर वजन, फटीची रुंदी, आणि कोपऱ्यातील पोकळीची खोली. या तीन आकड्यांवरून कोणताही जाणता अभियंता अर्ध्या तासात सांगू शकेल की फरशी कोठे सुटी चालेल आणि कोठे जखडावी लागेल. ठेकेदार हे आकडे देऊ शकला नाही, तर त्याने त्यांचा विचारच केलेला नाही असे समजावयास हरकत नाही.

दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाचे झोत सुरू होण्यापूर्वी, गच्चीची एक फेरी करावी. कोपऱ्याकडच्या रांगांतील प्रत्येक फरशीवर पाय देऊन पाहावा. जी खडखडते तिचे पेडेस्टल सरकले आहे किंवा मोडले आहे. फटी पातळ पट्टीने मोकळ्या कराव्यात, चकत्यांचे स्क्रू तपासावेत, आणि पावसाच्या नळाजवळची एक फरशी उचलून खाली किती गाळ साचला आहे हे पाहावे. काही वर्षांनी दोन-चार फरश्या फुटतात व त्यांच्या जागी दुकानात त्या दिवशी जी मिळेल ती, रंग जुळतो एवढे पाहून, आणून बसविली जाते, तेथेही सावध राहिले पाहिजे, कारण रंग जुळला तरी जाडी आणि वजन जुळेलच असे नाही. यासाठी काम पूर्ण होतानाच पाच-पंचवीस फरश्या जादा घेऊन ठेवाव्यात, आणि कोणत्या पट्ट्यात कोणती फरशी, किती वजनाची, किती फटीने, चकतीसह की चकतीविना बसविली आहे याचा नकाशा सोसायटीच्या दप्तरात, इमारतीच्या मंजूर नकाशांच्या शेजारी, दाखल करून ठेवावा.